अर्धी शाळा जमिनीत

पुढे मी बऱ्या बऱ्या शाळांत नोकरी केली. एका शाळेला दोन मजले होते, एका शाळेत शिपाई वेळेवर घंटा द्यायचा आणि खडूसुद्धा मला स्वतः आणावा लागत नव्हता. तरी कुणी "बाई, तुमची शाळा" म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ती पहिलीच येते, अर्धी जमिनीत आणि अर्धी वर. आसपासच्या गावांनी तिच्यावर मनसोक्त तोंडसुख घेतलं. यांची शाळा खड्ड्यात गेली, असं सांगून सांगून ते दमले. उन्हाळ्यात त्यांची पोरं भाजून निघायची आणि माझी पोरं गारव्याला बसून पाढे म्हणायची, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

ती वस्ती विहिरी खणणाऱ्यांची, गावापासून जरा लांब माळावर. शेतं मोकळी झाली की ठेकेदाराचा ट्रक यायचा. टिकाव, पहारी, दोरखंड, कप्प्या, चुलीचं सामान आणि त्याच्यावर माणसं, असा भरून निघून जायचा. वस्ती परत यायची ती थेट पावसाच्या तोंडावर. मागे राहायची म्हातारी माणसं आणि कुत्री.

शाळा चालवणाऱ्या संस्थेने मला तिथे पाठवलं तेव्हा एक फळा दिला आणि जागेचं तुम्हीच बघा म्हणून सांगितलं. पहिलं वर्ष ठेकेदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये काढलं. पोरं पंधरवड्यात रमली. अक्षरं लागायला लागली आणि ट्रक आला. दुसऱ्या दिवशी हजेरीला उभी राहिले तर समोर फक्त गिरणीवाल्याची दोन पोरं, आणि त्यातलं धाकटं रडत होतं. मलाही रडायला येत होतं. पण दोघांनी रडून शाळा चालली नसती, म्हणून मी शिकवलं.

राहायला मी मुकादमांकडे होते. खणणाऱ्यांच्या टोळीचे ते म्होरके. रुंद खांद्यांचा, खाली मान घालून चालणारा माणूस. दिवसभरात जेवढं बोलायचे तेवढं मी एका श्वासात बोलते. त्यांच्या वाटचं त्यांची बायको, म्हणजे काकू, बोलायच्या, आणि दोघांवर कडी करायची ती मुकादमांची म्हातारी आई. तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळे तिचं बोलणं सगळ्या वस्तीला ऐकू जायचं. घरात चौथी भिंगरी, त्यांची अकरा-बारा वर्षांची मुलगी. एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलेलं.

ही भिंगरी कामावर गेली की मात्र दगडासारखी बसायची. विहिरीच्या काठावर कुणीतरी बसावं लागतं. घमेलं वर येताना ते डुचमळतंय का बघायचं, दोर कुठे घासतोय का बघायचं, काठावर खडा राहू द्यायचा नाही आणि काही वावगं दिसलं की ओरडायचं. खालच्या माणसाला वरचं काही दिसत नाही. त्याचा जीव काठावरच्या माणसाच्या डोळ्यांत असतो. मुकादमांचा धाकटा भाऊ असाच गेला. वर बसलेल्या माणसाने विडी पेटवायला मान वळवली आणि काठावरचा दगड सुटला.

"तेव्हापासून हे दुसऱ्या कुणाला काठावर बसवत नाहीत," काकूंनी मला भांडी घासता घासता सांगितलं. "वर भिंगरी नसली तर खाली उतरत नाहीत. मी म्हटलं, मी बसते. तर म्हणतात, तू गप्पा मारत बसशील."

दुसऱ्या वर्षी पाऊस सरला आणि ठेकेदाराने निरोप धाडला, शेडमध्ये सिमेंट ठेवायचं आहे, फळा काढून न्या. त्या संध्याकाळी मुकादमांच्या दारापुढे सगळी वस्ती जमली. मी माझं म्हणणं मांडलं. शाळेला स्वतःची खोली बांधू. दिवसा शाळा भरेल, रात्री पोरं तिथेच म्हाताऱ्या माणसांजवळ आणि माझ्याजवळ झोपतील. मग त्यांना ट्रकमध्ये कोंबायची गरज काय?

"झोपड्यांना दारं नाहीत, बाई," एक जण म्हणाला. "खोलीला भिंती पाहिजेत, वर पत्रा पाहिजे. पोरं उघड्यावर टाकून कसं जाणार?"

"म्हणजे खोली झाली तर ठेवाल?"

सगळ्यांनी मुकादमांकडे बघितलं. ते बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले आणि मग म्हणाले, "खोली झाली तर पोरं राहतील."

"भिंगरीसुद्धा?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माझ्या जिभेला हाड नाही.

"खोली तर होऊ द्या, बाई," ते म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवसापासून माळावरचे दगड गोळा करायला सुरुवात झाली. बाया डोक्यावरून आणत होत्या, पोरं हातातून. मीही पदर खोचला. दोन दिवसांत माझ्या तळहातांना फोड आले आणि खडू धरता येईना, तर पोरांना केवढा आनंद. गावातून गवंडी आला. त्याने जागा बघितली, चुन्याने लांबरुंद चौकोन आखला, "एवढी खोली. पाया कमरेइतका घ्या," म्हणाला आणि दुसऱ्या गावच्या कामावर निघून गेला. मी गिरणीवाल्याच्या टेम्पोतून शहरात गेले, कारण संस्थेने पत्रे आणि एक जुनं दार द्यायचं कबूल केलं होतं. ते दार ताब्यात घेईपर्यंत मला तिथल्या व्हरांड्यात दोन दिवस बसवून ठेवलं. मीही उठले नाही.

परत आले तर सगळी वस्ती माझी वाट बघत उभी. चेहऱ्यांवर असा आनंद की जणू घरात कार्य आहे. मुकादम पुढे झाले आणि आपणहून बोलले.

"बघा, बाई. गवंड्याने कमरेइतकं सांगितलं होतं. आम्ही म्हटलं, शाळेचं काम आहे, हात आखडता कशाला घ्यायचा."

मी बघितलं. चुन्याची रेघ कुठे दिसत नव्हती. तिच्या आतली सगळी जमीनच नव्हती. खोलीएवढा चौकोनी खड्डा, माझ्या छातीच्या वर जाईल इतका खोल, आणि चारी बाजू सुरीने कापाव्यात तशा सरळ. एवढं देखणं खोदकाम मी जन्मात बघितलं नव्हतं. मला बांधकामातलं ओ की ठो कळत नाही, पण काहीतरी चुकलंय एवढं मलाही कळलं. त्या चेहऱ्यांकडे बघून मी म्हणाले, "छान झालंय."

सकाळी गवंडी आला आणि खड्ड्याकडे बघून हसायला लागला. ठसका लागेपर्यंत हसला.

"मुकादम, मी पाया सांगितला होता. पाया म्हणजे चर. रेघेखाली चर खणायचा, त्यात भिंत उभी करायची. तुम्ही तर खोलीच उपसून बाजूला ठेवलीत."

 ज्यांनी घाम गाळला होता ते तरणे पोरगे एकेक करून मागच्या मागे सटकले. मुकादम हातातल्या टिकावाच्या दांड्यावरून अंगठा फिरवत होते.

"रेघ आखली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "रेघेच्या आतलं काढायचं असतं. विहिरीला तसंच असतं."

"ही विहीर आहे का?"

"तुम्ही सांगायचं होतं."

"पाया म्हणजे काय ते सांगायला लागतं का?" गवंड्याचं हसू थांबेना. "आता भरून काढा. थर थर घालून, पाणी मारून, ठोकून ठोकून. नाहीतर भिंत चार महिन्यांत बसेल. भरून झालं की बोलवा."

भरायला किती दिवस लागतील ते सगळ्यांना कळत होतं. ट्रक त्याच्या आधी येणार हेही कळत होतं. मुकादम त्या दिवशी जेवले नाहीत. म्हातारी ओरडून ओरडून विचारत होती, काय झालं, कोण मेलं, आणि कुणीच तिला सांगत नव्हतं.

उजाडताच मुकादम एकटे फावडं घेऊन माती लोटायला लागले. कुणाला हाक मारली नाही. चूक माझी, निस्तरीन मी, असा त्यांचा खाक्या. इकडे माझ्यापुढे वेगळीच पंचाईत. शेडमध्ये सिमेंटच्या गोण्या लागल्या होत्या आणि पोरं पाट्या घेऊन आली होती. मला बसवायला जागा सुचेना. पोरांना कुणी सांगावं लागलं नाही. ती खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला सरसर उतरली आणि कडेच्या सावलीला ओळीने बसली. आईबापांबरोबर विहिरीच्या कामावर गेली की ती अशीच सावलीला बसत आलेली. मग मीही फळा घेऊन, साडी सांभाळत, भिंगरीच्या हाताच्या आधाराने खाली उतरले.

खाली वारा नव्हता. माळावरचा धुरळा नव्हता. मी साध्या आवाजात बोलले तरी शेवटच्या पोरापर्यंत जात होतं. शेडमध्ये मी वर्षभर घसा फोडला होता. तास कधी संपला ते कळलं नाही.

दुपारी काकू नवऱ्याचं जेवण घेऊन आल्या. काठावर पाय सोडून बसल्या आणि आमच्याकडे बघत राहिल्या.

"बरी दिसतेय की शाळा," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "अहो, मग तुम्ही ती बुजवताय कशाला?"

मुकादमांचं फावडं थांबलं. मी आधी हसले, मग हसू माझं मलाच आवरतं घ्यावं लागलं. काकू हसत नव्हत्या.

"अर्ध्या भिंती तर खणून तयार आहेत," त्या म्हणाल्या. "वर अर्ध्या बांधा. दगड कमी, दिवस कमी. पोरं खाली बसतील. बाईंना पायऱ्या करून द्या म्हणजे झालं."

मुकादमांनी लोटलेल्या मातीकडे बघितलं, मग पोरांकडे. फावडं खाली ठेवलं आणि कालपासून पहिल्यांदा जेवायला बसले.

गवंड्याला राजी करायला मी स्वतः गेले. तो म्हणाला, असलं काम मी आयुष्यात केलं नाही. मी म्हटलं, मीही केलेलं नाही, चला. जागेवर आल्यावर त्याने पहारीने कड ठोकून बघितली. मुरूम पक्का होता. मग तो हसायचं विसरला आणि कामाचं बोलायला लागला.

"भिंत अगदी कडेवर नको, हातभर मागे घेऊ. कड ढासळली तरी भिंत उभी राहील. पण पावसाचं पाणी?"

"पाण्याचं माझ्याकडे," मुकादम म्हणाले.

त्यांनी कोपऱ्यात शोषखड्डा घेतला आणि बाहेरून चारी अंगांनी पाणी वळवणारा चर काढला. या खेपेला चर म्हणजे चरच, असं काकूंनी दोनदा बजावलं. मुरमातच पायऱ्या कोरल्या. म्हातारीने एकेक पायरी उतरून बघितली आणि उंच आहेत म्हणून दोन परत करायला लावल्या. भिंत मागे घेतल्यामुळे आत चारी बाजूंनी हातभर रुंद कट्टा राहिला. पोरांनी लगेच त्यावर पाट्या मांडल्या.

मग नुसती घाई. सकाळी शाळा, आणि दुपारी शाळेचं बांधकाम. मुकादम दगड घडवायचे, गवंडी रचायचा, बाया चिखल तुडवायच्या. संध्याकाळी जेवायला बसलं की हात तोंडापर्यंत जाईनात. माझे फोड फुटून त्यांचे घट्टे झाले. एकदा मी दगड उचलताना भिंगरी म्हणाली, "बाई, कमरेतून नाही, गुडघ्यातून." नंतर वर्गात ती वाचताना अडखळली तेव्हा मी त्याचा वचपा काढला. पोरगी हुशार होती. फळ्यावरचं नुसतं वाचायची नाही, त्याच्यापुढे काय येणार ते विचारायची. ही जर पुढचे सगळे महिने काठावर बसली तर यातलं काही उरणार नाही, हे मला रोज टोचत होतं.

दाराच्या उंबऱ्याचा दगड चढवताना काकूंच्या हातातून तो सरकला. त्यांनी सोडला नाही, आणि खांद्यात कट् असा आवाज आला. त्या दिवसापासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. म्हातारीने तेल चोळलं, शेक दिला. काकू म्हणाल्या, बोलायला हात लागत नाही, आणि डाव्या हाताने चिखल कालवायला बसल्या.

ट्रक ठरल्यापेक्षा आधी आला. भिंती झाल्या होत्या, दार बसलं होतं, पत्रे अर्धेच चढले होते. ठेकेदार खाली उतरला आणि आमच्या शाळेत डोकावला.

"पोरांना विहिरीत घातलंत होय?" तो म्हणाला. "चला, आटपा. तिकडे लोक खोळंबलेत."

"पोरं येणार नाहीत," मी म्हणाले.

"बाई, तुमचं शिकवणं चालू द्या. मी मुकादमांशी बोलतोय." तो त्यांच्याकडे वळला. "काठावर कुणाला बसवणार? वहिनींना? त्यांचा हात वर जात नाही असं ऐकलं. आणि दुसरं कुणी तुम्हाला चालत नाही. पोरगी नाही आली तर तुम्ही खाली उतरणार नाही, आणि तुम्ही उतरला नाहीत तर टोळी काय करणार?"

मुकादम मागे वळले. शिडी चढून पत्रे ठोकायला लागले. बाकीच्यांनी सामान भरायला घेतलं, पण पोरांना कुणी चढवेना आणि कुणी मागेही ठेवेना. मुकादमांचं काय ठरतं तिकडे सगळ्यांचे डोळे होते. ठेकेदार हॉर्न वाजवत बसला.

आणि मी वळून बघते तर भिंगरी ट्रकमध्ये. आपलं गाठोडं आपण बांधून, दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसलेली.

"खाली ये," मी म्हणाले.

"नाही, बाई. मी नसले तर बाबा खाली उतरायचे नाहीत. आणि उतरले तर..." 

माझ्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. इतके दिवस मी ते मनात घोकत होते.  फळ्यावरच्या अक्षरांसाठी मी एका बापाला, काठावर भरवशाचं कुणी नसताना, विहिरीत उतर म्हणून सांगणार होते का? मी ट्रकच्या फळीला धरून नुसती उभी राहिले. मला तिचा राग आला, ठेकेदाराचा आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा आला.

वरचं ठोकणं थांबलं. मुकादम शिडीवरून उतरले, हात झटकले आणि ट्रकपाशी आले.

"झाली खोली," ते म्हणाले. "उतर."

"काठावर कोण बसणार?"

"तुझी आई."

"आईचा हात वर जात नाही."

"बघायला हात लागत नाही," काकू ट्रकच्या पलीकडून म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "आणि ओरडायचं म्हणशील तर माझ्याएवढं कोण ओरडतं? तुझ्या आजीला ऐकू जातं ते माझंच."

"तू गप्पा मारशील."

"नाही मारणार. तोंडात पाणी धरून बसेन."

"काम हळू होईल," मुकादम ठेकेदाराला म्हणाले. "एक विहीर कमी होईल. चालत असेल तर निघू, नाहीतर ट्रक मोकळा न्या." ठेकेदाराने तोंड फिरवलं. दुसरी टोळी आता कुठून आणणार होता तो? मुकादम परत लेकीकडे वळले. "उतर, भिंगरे."

ती उतरली नाही. दोन्ही हातांनी फळी धरून बसली आणि मान हलवत राहिली. रडत होती, पण आवाज काढत नव्हती. मुकादम वर चढले. तिच्यापुढे उकिडवे बसले आणि तिचं एकेक बोट फळीवरून सोडवायला लागले. एक सोडवलं की दुसरं ती परत घट्ट धरायची. त्यांनी जोर केला नाही, घाईही केली नाही. सगळी बोटं सुटली तेव्हा तिला उचलून त्यांनी माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "धरा."

मी धरली. मग बाकीच्या घरांनी आपापली पोरं जवळ घेऊन, डोक्यावरून हात फिरवून, शाळेच्या पायऱ्यांकडे लोटली. ट्रक गेला. भिंगरी त्या दिवशी वर्गात बसली नाही, दाराशी उभी राहिली. मी तिला बस म्हटलं नाही. मी फळा पुसला आणि शिकवायला लागले.

तो सबंध मोसम शाळा एकदाही बंद राहिली नाही. रात्री म्हातारी पोरांना गोष्टी सांगायची, इतक्या मोठ्याने की कुणाला झोप लागू नये. भिंगरी आठवडाभर घुम्यासारखी वागली आणि मग वाचनाच्या मागे अशी लागली की मलाच पुढचं पुस्तक मागवावं लागलं. बाबांचं नाव मात्र तिने काढलं नाही. रस्त्यावर गाडी वाजली की वाचता वाचता थांबायची, गाडी गेली की पुढे वाचायची.

आभाळ भरून यायला लागलं आणि एका दुपारी ट्रक आला. वर्ग चालू होता. धाकट्या पोरांचं वाचन मी भिंगरीवर सोपवलं होतं आणि ती फळ्यापाशी उभी होती. पायऱ्यांवर मुकादम दिसले. आणखी वाळले होते, दाढी वाढली होती. ते शेवटच्या पायरीवर थांबले. त्यांच्या मागे काकू होत्या, आणि जन्मात पहिल्यांदाच गप्प होत्या.

भिंगरीने हातातलं पुस्तक मिटलं नाही. तिने बापाकडे डोक्यापासून बघायला सुरुवात केली. कपाळ, खांदे, एक हात, दुसरा हात, बोटं, गुडघे, पावलं. सावकाश, काहीही न सोडता. मुकादमही हलले नाहीत. बघून झाल्यावर तिने ओठ चावला, पुस्तक वर धरलं आणि म्हणाली, "बसा. वाचन चालू आहे."

ते पोरांच्या ओळीत मांडी घालून बसले.